निंगप्पा सरांचं क्रियापद

संध्याकाळी कारखान्यातून घरी आले तर आई दारातच उभी. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. मला वाटलं जप चाललाय. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "मिसडाउट, मिसडाउट, मिसडाउट." विसरू नये म्हणून ती दुपारपासून तो शब्द तोंडात घोळवत होती. मला चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"सिद्धू, मिसडाउट म्हंजे काय गं?"

"कोण म्हणालं तुला?"

"अक्कलकोटचे निंगप्पा सर. इंग्रजीचे होते की हायस्कूलला. शिवराजला शिकवलंय त्यांनी. मी फोनवर इचारलं, पोरगा कसा हाय म्हणून. तर म्हणाले, 'आय मिसडाउट हिम, मॅडम.' आणि ठेवला फोन."

शिवराज म्हणजे मला सांगून आलेलं स्थळ. अक्कलकोटचा मुलगा, सोलापुरात एका खासगी कंपनीत जमीन मोजणीचं काम करतो, रोज येऊन-जाऊन. मी मोबाइल काढून शब्द शोधला. अर्थ होता: संशय घेणे, मनात शंका येणे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: जुने, आता फारसे वापरात नाही. मी दोन्ही वाचून दाखवलं आणि तिथंच चुकलं.

"वापरात न्हाई म्हंजे? पोरानं मधी काय ते बंद केलं असंल आणि परत सुरू केलं असंल," आई म्हणाली.

"अगं, शब्द जुना आहे. संशय जुना नाही."

"शब्द जुना आणि संशय नवा, असं कसं होईल?"

मी चप्पल काढली. रात्री आईनं होटगीला मामाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मामा हजर.

बाबा गेल्यापासून आमच्या घरातले मोठे निर्णय कल्लप्पा मामा घेतो, आणि लहान निर्णय मोठे करून घेतो. लग्नाआधी मुलाची चौकशी करायची ही आमच्याकडची रीतच आहे. मुलाला सोडून सगळ्या गावाला विचारायचं. मामाची त्यातही स्वतःची पद्धत आहे. गावात उतरायचं, नाव सांगायचं नाही, हितं जमीन बघतोय म्हणायचं, विहिरींना पाणी किती ते विचारायचं, आणि चहा संपता संपता सहज म्हणून सोडायचं, "त्या अमक्याचं पोरगं घेत-बित न्हाई न्हवं?" कुणाला विचारलं हे तो घरी कधीच सांगत नाही. आपली माणसं उघडी पडतात म्हणे.

शिवराजची चौकशी मामानं मागेच केली होती आणि येऊन सांगितलं होतं, पोरगं निर्मळ आहे, कुणी बोट दाखवत नाही. झालं, तिथंच आईचं बिनसलं. इतकं निर्मळ कसं असेल? म्हणून तिनं स्वतः अक्कलकोटच्या भुवनेश्वरी मावशीकडून सरांचा नंबर मिळवला होता.

मी आईला हसू शकत नाही. माझी नोकरी टॉवेलच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. उजेडाच्या टेबलावर टॉवेल पसरायचा आणि दोष शोधायचा, सुटलेला धागा, तेलाचा ठिपका, ओढली गेलेली लूप. टॉवेलमध्ये काहीच सापडलं नाही की आम्ही तो बाजूला ठेवत नाही, उलटा करून परत बघतो. अशा नोकरीत इतकी वर्षं काढलेली मुलगी आईला कोणत्या तोंडानं हसणार?

पण मला शिवराज आवडले होते, हे स्पष्टच सांगते. बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाक येतो का असं विचारलं नाही. माझं काम काय ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर हात पुसायला दिलेल्या नॅपकिनची कड उलटी करून बघितली. "मग हा पास का नापास?" म्हणाले. मी म्हटलं, "नापास, पण घरचा आहे म्हणून चालवून घेतलाय." ते मोकळेपणानं हसले. त्याआधी आलेल्या मुलांनी माझी उंची बघितली होती, पगार विचारला होता, एकानं तर चालून दाखव म्हटलं होतं. त्यानंतर आम्ही दोनदा बाहेर भेटलो. येत्या रविवारी त्यांच्याकडे होकार कळवायचा होता आणि तो मी मनात केव्हाच देऊन टाकला होता.

तेवढ्यात हे क्रियापद घरात आलं.

मामा पोह्यांवर शेव घेत म्हणाला, "मास्तर माणूस हाय. उगं बोलणार न्हाई. आणि इंग्रजीत बोललाय म्हंजे मराठीत बोलायसारखं नसंल."

"मामा, तूच म्हणालास निर्मळ आहे."

"मी इचारलं तवा हुता. आता हाय की न्हाई, काय म्हाईत!"

दोन दिवसांनी भुवनेश्वरी मावशीचा फोन आला. आवाज इतका बारीक करून बोलत होती की आईनं स्पीकर लावला. "महानंदा, तुझ्या कानावर असावं म्हणून सांगते. हितं बोलतात लोक. पोरगं पितंय म्हणं. रात्री नवाच्या पुढं घरी येतं, डोळे लालभडक. आमच्या दूधवाल्यानं सांगितलं." आई माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीकडे बघत होते. तो बंद होता.

त्या दिवसापासून मीही सुरू झाले. लाज वाटते, पण झाले खरी. त्यांची ऑफिसची वेळ सहापर्यंत. सातला मेसेज केला तर उत्तर यायचं नवानंतर. मोबाइल बंद असायचा. आधी मला वाटायचं, गाडीत रेंज नसेल. आता वाटायला लागलं, सोलापूर ते अक्कलकोट एवढं अंतर आहे तरी किती? जुने मेसेज मी उजेडाच्या टेबलावर पसरल्यासारखे वाचायला घेतले. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'आज फार दमलो, अंग हलकं झालंय.' हलकं कशानं होतं अंग? दुसऱ्या भेटीत त्यांचे केस ओलसर होते आणि डोळ्यांत लाली होती, ते आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, भेटायला येण्याआधी तोंड धुऊन आलेत, किती छान. आता तेच परत उलटं करून बघितलं. दोष सापडला की टॉवेलचा बाकीचा भाग दिसतच नाही, नुसता दोषच दिसतो.

तरी तो शब्द मला गप्प बसू देईना. संशय आहे म्हणायला इंग्रजीत साधा शब्द आहे, सस्पेक्ट, तो पोलीस-बातम्यांमुळे आमच्या रिक्षावाल्यालासुद्धा येतो. मग सरांनी आता कुणी वापरत नाही असा शब्द का काढला? काही लपवायला? की काही दाखवायला? शनिवारी माझी सुट्टी होती. स्वामींच्या दर्शनाला जाते असं आईला सांगितलं आणि एसटीत बसले. दर्शन घेतलंही, खोटं पडायला नको म्हणून. मग पत्ता विचारत सरांच्या घरी गेले.

सर खिडकीत बसले होते. किरकोळ अंगाचे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, मांडीवर उघडं पुस्तक. "बर्री, बर्री," म्हणून त्यांनी आत बोलावलं. मी नाव सांगितलं, सोलापूरहून आले म्हटलं, महानंदा पाटलांची मुलगी. त्यांनी चष्मा पुसला.

"सर, तुम्ही आईला म्हणालात, आय मिसडाउट हिम. मला त्याचा अर्थ हवाय."

मास्तरांना हे विचारलं की ते विचारणाऱ्याकडे बघत नाहीत, शब्दाकडे बघतात. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "किती वर्षांनी कुणी अर्थ विचारला! पोरं नुसती हसायची. बघा, सस्पेक्ट म्हणायचं तर काहीतरी दिसावं लागतं. पाऊलखूण, वास, काहीतरी. आणि डाउट म्हणजे तुम्ही मधे उभे, हो की नाही ठरलेलं नाही. मिसडाउट ह्या दोन्हींतलं नाही. हातात काही नाही, तरी मन वाईटाकडं कललेलं. जुन्या पुस्तकांत लोक अंधारात उभे राहून हा शब्द वापरतात. म्हातारा आपल्या वारसाला मिसडाउट करतो. राजा आपल्या भावाला. बऱ्याचदा तर माणूस स्वतःलाच. फार नेमका शब्द आहे, मेला बिचारा."

"म्हणजे तुमच्या हातात काही नव्हतं?"

"नव्हतं. म्हणून तर तो शब्द वापरला. पुरावा असता तर साधा शब्द वापरला असता. मी शब्दांच्या बाबतीत खोटं बोलत नाही."

"मग मन वाईटाकडं कललं कशामुळे?"

सर जरा चुळबुळले. मग म्हणाले, "त्याचं असं झालं. शिवराज गुणी मुलगा. माझ्या मनात काही नव्हतं, येन इल्ला. काहीच नाही. पण मागं एक गृहस्थ आले होते. जमीन बघायला आलोय म्हणाले. विहिरींना पाणी किती लागतं विचारलं. आता मला काय कळतंय विहिरीतलं? चहा झाल्यावर उठता उठता म्हणाले, तो शिवराज घेत-बित नाही नव्हं, असं काहीतरी. मी म्हटलं, छे छे. ते गेले. पण नंतर माझ्या डोक्यात बसलं. परगावचा माणूस, जमिनीला आलेला, त्याला आमच्या गावच्या मुलाचं पिणं कुठून कळलं? काहीतरी असल्याशिवाय कोण विचारेल?"

"ते गृहस्थ दिसायला कसे होते, सर?"

"जाडसर. राखाडी सफारी. आणि बशीत चहा ओतून पीत होते, मधेच थांबून फुंकर घालत."

कल्लप्पा मामा. दुसरं कुणी असणं शक्यच नव्हतं.

सर बोलतच होते. "तेव्हापासून मी ह्या खिडकीत बसायला लागलो. खरंच तो नवाला जातो इथून, डोळे लाल. मग मी आमच्या दूधवाल्याला विचारलं, तुझ्या काही कानावर आहे का. तो म्हणाला, नाही बा. पण दुसऱ्या दिवशी त्यानंच येऊन सांगितलं, गावात बोलतात म्हणून. त्यानंतर तुमच्या आईंचा फोन आला. मग सांगा, मी काय म्हणायला हवं होतं?"

मी मनात धागा ओढत गेले. मामानं सरांना विचारलं. सरांनी दूधवाल्याला विचारलं. तोच मावशीकडंही दूध घालत असणार, त्यानं मावशीला सांगितलं, मावशीनं आईला, आईनं मामाला. आमच्याच घरातून निघालेला प्रश्न अख्खं अक्कलकोट फिरून, उत्तर होऊन आमच्या घरी परत आला होता. आणि आम्ही त्याला पुरावा म्हणून पाटावर बसवलं होतं.

मला इतका संताप आला की मी त्यांच्या वयाचा मान ठेवला नाही. "सर, तो प्रश्न विचारणारा माझा मामा होता. तो सगळ्याच मुलांबद्दल तेच विचारतो. त्याला काहीही माहीत नव्हतं. तुम्हाला नेमका शब्द सापडला, पण एकदा त्या मुलाला हाक मारून विचारायचं नाही सुचलं?"

सरांनी पुस्तक मिटलं. "तुमच्या आईंना फोन करतो. शब्द मागे घेतो," म्हणाले, आणि माझ्यादेखत त्यांनी खरंच फोन लावला. माझं नाव न घेता सांगितलं की माझी चूक झाली, मुलगा उत्तम आहे, निःसंशय. मला जरा हायसं वाटलं.

घरी पोचले तर आई आणि मामा समोरासमोर बसलेले. आईनं मला बघताच सांगितलं, "निंगप्पा सरांचा फोन आला हुता. आता म्हणतात, उत्तम हाय. दम दिलेला दिसतोय पोराच्या घरच्यांनी."

"पाहुण्यांचं कुणीतरी जाऊन बसलं असंल शेजारी," मामा म्हणाला.

"शेजारी मी बसले होते," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. सफारीसकट, बशीसकट. मामा ऐकत होता. त्याला ओशाळं वाटेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "मी इचारलं म्हणून काय झालं? मी तर समद्यांनाच इचारतो. बाकीच्या गावांत न्हाई कुणाचे डोळे लाल झाले ते!"

आईनं मान हलवली. मामाच्या बाजूनं.

मी खोलीत जाऊन शिवराजना फोन केला. उद्या होकार-नकाराच्या आधी मला भेटा म्हटलं. रविवारी सकाळी सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. ते आले तेव्हाच वाळल्यासारखे दिसत होते. चहा आला आणि मी काहीही आडपडदा न ठेवता विचारलं, "तुम्ही पिता का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं झालं, कुणीतरी मला विचारलं," म्हणाले. "कॉलेजात असताना दोनदा घेतली होती. आवडली नाही. त्यानंतर नाही."

"मग सात ते नऊ?"

त्यांना हसू आलं, ते लाजेचं होतं. "पोहायला शिकतोय. ऑफिस सुटलं की इथल्याच पोहण्याच्या तलावावर जातो, मोबाइल कपाटात असतो, नंतर गाडीत रेंज नसते. मोजणीला गेलं की विहिरीच्या काठावर टेप धरून उभं राहावं लागतं. माझे पाय लटपटतात. बरोबरची पोरं हसतात. ह्या वयात पोहता येत नाही हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. लग्नानंतर सांगणार होतो, एकदम पोहूनच दाखवणार होतो. पाण्यात औषध टाकतात, त्यानं डोळे लाल होतात."

मला रडू आणि हसू एकदम आलं. मी मामाचं, सरांचं, दूधवाल्याचं सगळं सांगितलं. मी त्यांचे मेसेज कसे उलटेपालटे करून वाचले तेही सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला माहीत होतं चौकशी चाललीय. आमच्याकडूनही तुमची झालीच असणार, त्याचं काही नाही. पण ती बातमी आमच्या घरीही पोचली ना. आठवडा झाला, आई ताट वाढताना माझ्यावर वाकते आणि वास घेते. तिला वाटतं मला कळत नाही. जन्म दिलेली बाई. मी आता मुद्दाम तिच्यासमोर मोठ्यानं श्वास सोडतो, तिचं समाधान व्हावं म्हणून."

मी टेबलावरचं पाणी पुसत बसले.

"गावाचं मी बघून घेईन," ते म्हणाले. "मला फक्त एका माणसाकडून हवंय. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. तुमचा विश्वास बसला?"

मला लगेच हो म्हणायचं होतं. शप्पथ सांगते, तोंडात होच होतं. पण माझी मान आपोआप वर झाली आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. आज रविवार, सकाळ, आज पोहणं नाही. मग आज डोळ्यांच्या कडा लाल का? झोप नसेल झाली. रडले असतील. की आणखी काही? एवढं सगळं मनातून जायला कितीसा वेळ लागतो?

"हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. टॉवेल उजेडावर धरून आम्ही बघतो ना, तसं. उशीर त्यांना दिसला होता. "बरं," म्हणाले, आणि चहा न पिताच उठले. जाताना मात्र चांगलं बोलले. ऊन चढायच्या आत घरी जा, आज फार तापणार आहे, असं काहीतरी.

मी दुपारभर आईशी भांडले आणि शेवटी तिच्याकडून होकार वदवून घेतला. मामाही "तुमची पोरगी, तुमी बघा" म्हणून होटगीला निघून गेला. आई फोन लावणार, एवढ्यात तिकडूनच फोन आला. शिवराजच्या वडिलांचा होता. अगदी आदबीनं बोलत होते. मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण मुलगा नको म्हणतोय, योग नाही असं समजा. आई "हो, हो, असू द्या" म्हणत राहिली.

फोन ठेवून तिनं पदर सारखा केला. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, सुटका होती.

"बघ," ती मला म्हणाली. "काहीतरी हुतंच की. न्हाईतर त्यांनी न्हाई कशाला म्हटलं असतं?"